अनवधानाने राहिलेलं नाव

आमच्या अण्णांना कुजबुजता येत नसे. देवानं त्यांना एकच आवाज दिला होता आणि तो या बांधावरून त्या बांधावर सहज जाईल एवढा होता. घरात, एसटीत, दवाखान्यात, मयतीच्या घरी, सगळीकडे तोच. आईला त्यांच्याशी काही खासगी बोलायचं असलं की ती आधी दार लावून घ्यायची. उपयोग काही नसायचा. ती हळूच विचारायची आणि अण्णा जे उत्तर द्यायचे त्यावरून गल्लीला प्रश्नसुद्धा बरोबर कळायचा. "काय म्हन्तीस? शांतीची सून माघारी आली? कधी आल्ती?" झालं. शांताकाकूंचं घर आमच्यापासून तिसरं.

आमचं गाव परतूर तालुक्यात, आष्टीच्या अलीकडं. काळी जमीन, कापूस, सोयाबीन, आणि विहिरीच्या अंगाला थोडी मोसंबी. अण्णांचा आणि त्यांच्या थोरल्या भावाचा, म्हणजे बापूंचा, वाटा शेजारी शेजारी. मध्ये एक बांध, बांधावर एक बाभूळ. गावातली घरंही एकाच भिंतीला टेकलेली. बापू अण्णांपेक्षा सहा वर्षांनी मोठे. अण्णा दिवसभरात जेवढं बोलायचे तेवढं बापू एका हंगामात बोलत असतील. बैल धरणं, विहिरीवरची मोटार दुरुस्त करणं, पाहुण्यांना आणायला स्टँडवर जाणं, असली बिनबोलाची कामं बापूंची. बोलायची सगळी कामं अण्णांची. अशी त्यांची वाटणी कोणी करून दिली नव्हती, ती आपोआप झाली होती.

मी जालन्याला वसतिगृहात राहून शिकत होते तेव्हाची गोष्ट. अण्णा पहिल्यांदाच भेटायला आले. फाटकावरच्या वॉचमननं सांगितलं, "बसा बाबा, निरोप पाठवतो." निरोप पाठवणं वगैरे अण्णांच्या स्वभावात बसत नव्हतं. ते फाटकासमोर पाय जुळवून उभे राहिले, एक हात कानाला लावला आणि सुरू झाले, "कुमारी वर्षा दत्तात्रयराव, जिथं कुठं असतील तिथून त्यांनी फाटकाकडं यावं! त्यांचे वडील दशम्या घेऊन आलेले आहेत!" तीन मजल्यांच्या खिडक्या उघडल्या. मी जिना उतरताना रडकुंडीला आले होते. अण्णा मात्र खुशीत होते. म्हणाले, "बघ, एका हाकंत आलीस का न्हाई? उगं त्या माणसाला कशाला तरास?" पुढची दोन वर्षं मुली मला 'कुमारी' म्हणत. त्या दिवशी मी त्यांच्याशी धड बोलले नाही. दशम्या मात्र सगळ्या खाल्ल्या.

हा जो हाक मारायचा थाट होता, तो लग्नातला. अण्णांचं शिक्षण आठवीपर्यंतचं, धंदा शेतीचा, पण पंचक्रोशीत त्यांची ओळख म्हणजे लग्नातला माईक. आमच्याकडच्या लग्नात अक्षता पडण्याआधी कमीत कमी तासभर नावं घेतली जातात. कोणकोणत्या गावचे कोणकोण पाहुणे आले, ते एकेकाचं नाव घेऊन सांगायचं, त्यांना पुढं बोलवायचं, फेटा नाहीतर टावेल-टोपी द्यायची, त्यांनी बसायचं, मग पुढचं नाव. मुहूर्त टळला तरी चालतो, नाव टळलेलं चालत नाही. एखाद्याचं नाव राहिलं किंवा ज्याच्या आधी यायला हवं त्याच्या नंतर आलं, तर तो माणूस न जेवता निघून जातो आणि पुढं दहा वर्षं त्या घराचं पाणी पीत नाही. असं हे जोखमीचं काम. त्यासाठी लोक कागद करून देतात, गर्दीतून चिठ्ठ्या येतात, 'यांचं नाव घ्या' म्हणून. आणि शेवटी माईकवाला एक वाक्य म्हणतो, ते सगळ्यांना पाठ आहे: "अनवधानाने कोणाचं नाव राहिलं असल्यास क्षमस्व."

अण्णांनी कधी कागद हातात धरला नाही आणि ते शेवटचं वाक्य कधी म्हटलं नाही. "नाव राह्यलं तर क्षमा मागायची ना? माह्याकडून राहतच न्हाई." सकाळपासून मंडपाच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसायचे. आत येणारा प्रत्येक माणूस नजरेखालून जायचा. तोंडात एक लवंग. डोक्याचे केस पांढरेशुभ्र आणि मिशी मात्र काळीभोर, कारण लगीनसराईत ती दर आठ दिवसांनी रंगवली जायची. मग माईक हातात घेऊन, न फुंकता, न टकटक करता, "रामराम मंडळी" म्हणायचे आणि तिथून पुढं तासभर न अडखळता नावं. माणसाचं नाव, बापाचं नाव, गाव, आणि जमलं तर नवरदेवाशी नातं. शे-दीडशे माणसं तरी असतील. एक चुकायचं नाही.

लोकांना ते का आवडायचे हे मला फार उशिरा समजलं. अण्णा कोणाचंही नाव अर्धं घेत नसत. वर्षभर ज्याला सगळे 'सद्या' म्हणून हाक मारतात, तो हमालीचं काम करणारा माणूस माईकवरून 'श्रीयुत सदाशिवराव मारोतराव' व्हायचा. एकदा शेजारच्या गावात लग्न चालू असताना धोंडीबा मेंढरं घेऊन रस्त्यानं चालला होता. आवतण नव्हतं, काही नव्हतं. नुसता गंमत बघत बाजूला थांबला होता. अण्णांनी त्याला मंडपातून पाह्यलं. "श्रीयुत धोंडीराम बिराजी, आपण उन्हात उभे आहात, आपण सावलीला यावं आणि वधू-वरांना आशीर्वाद द्यावा." धोंडीबा इकडं तिकडं बघायला लागला, की हा कोण धोंडीराम. मग काठी एका पोराकडं देऊन, अंगावरचं घोंगडं झटकत पुढं आला. तो फेटा त्यानं दोन दिवस डोक्यावरून काढला नाही. नंतर शेतात खतासाठी मेंढरं बसवायची असली की तो कधी दुसऱ्याचं ऐकायचा नाही, आधी आमच्याकडंच यायचा.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर आई मला घरात घेणार नाही. अण्णा लगीनसराईत घरचे राहत नसत. जानेवारीपासून मेपर्यंत त्यांचा पाय शेतात टिकायचा नाही. बाहेर बोलावणं आलं की हातातलं फावडं तिथंच. मोसंबीला पाणी द्यायचं, तेव्हाच लाईट यायची आणि तेव्हाच नेमकं कुणाचं तरी लग्न असायचं. आई म्हणायची, "तुमी माईकवर जाऊन राह्यले, आन् पाणी काय नवरदेव देनार हाय का?" अण्णा इस्त्रीचा शर्ट चढवत म्हणायचे, "बापू हायेत ना." आणि बापू असायचेच. स्वतःच्या झाडांचं पाणी झालं की न बोलता बांध ओलांडून आमच्या झाडांना पाणी सोडायचे. आमची मोसंबी बापूंनी जगवली, हे गावाला माहीत होतं. अण्णांनाही माहीत होतं, पण ते त्यांनी कधी तोंडानं म्हटलं नाही. मी कितवीला आहे हे त्यांना विचारलं तर ते आईकडं बघायचे. परतूरच्या कापडवाल्याच्या तिन्ही सुनांची माहेरं मात्र त्यांना तोंडपाठ.

आणि चूक कबूल करणं? ते खातंच नव्हतं. अंबडच्या पुढं आमच्या नात्यातलं लग्न होतं. काळीपिवळी जीप भरून आम्ही निघालो, अण्णा पुढं ड्रायव्हरजवळ, वाट दाखवायला. त्या दिवशी तिथी दांडगी होती, गावोगाव मंडप. एका गावाशी मंडप दिसला, स्पीकर ऐकू आला, आणि अण्णांनी गाडी थांबवली. मंडप दिसला की त्यांना धीर नसायचा. उतरले ते थेट माईककडं. तिथल्या लोकांनी ओळखलं, "या अण्णा, या" म्हणून माईक दिला. अण्णांनी वीस-पंचवीस नावं घेतली, बायका सावलीला बसल्या, आम्हा पोरींना सरबत मिळालं. नवरदेव घोड्यावरून उतरला तेव्हा बापू त्याच्याकडं बराच वेळ बघत राहिले. मग अण्णांच्या शेजारी जाऊन, वर्षातून दोन-तीनदाच बोलणारे बापू म्हणाले, "दत्त्या, नवरदेव आपला न्हाई."

अण्णांनी माईकवर हात ठेवला, पण त्यांच्या आवाजाला हाताचा काय उपयोग? सगळ्या मंडपानं ऐकलं. "नवरदेवाचं काय घेऊन बसलात बापू, मंडळी तर बराबर ओळखीची हाय!" त्या घरच्यांनी आग्रह करून आम्हाला जेवूनच सोडलं. आमच्या खऱ्या लग्नाला पोचलो तेव्हा अक्षता पडून पंगती उठत होत्या. अण्णा मात्र शेवटपर्यंत म्हणायचे, की रस्ता बिलकुल चुकला नव्हता, वाटेत एक लग्न लागलं, ते उरकून पुढं गेलो.

माझं लग्न ठरलं तेव्हा सगळ्यांनी त्यांना सांगून पाह्यलं की मुलीचा बाप माईकवर शोभत नाही. मामानं सांगितलं, आईनं सांगितलं. ते म्हणाले, "दुनियेच्या पोरींच्या लग्नात बोललो आन् माह्याच पोरीच्या लग्नात मुका बसू?" आणि नाही बसले. नऊवार नेसून, मुंडावळ्या बांधून मी आतल्या खोलीत होते. बाहेरून त्यांचा आवाज येत होता, एकेक नाव गोल, सावकाश. एवढा आनंद त्या आवाजात मी कधी ऐकला नव्हता. आष्टीचे, परतूरचे, अंबडचे, ट्रॅक्टरवाला, शिंपी, ज्या दवाखान्यात मी जन्मले तिथली म्हातारी नर्ससुद्धा. खरं सांगायचं तर कोणाचं नाव आलं आणि कोणाचं नाही, इकडं माझं लक्ष नव्हतं. माझं लक्ष डोक्यात टोचणाऱ्या पिनांकडं होतं.

बापू त्या दिवशी भल्या पहाटेपासून भट्टीजवळ होते. मंडपाच्या मागं कनात लावून तिथं स्वयंपाक चालला होता. आचारी, भात, वरण, बुंदी, सगळं बापूंच्या नजरेखाली. नावं सुरू झाली तशी मोठी माय, म्हणजे बापूंची बायको, त्यांचं धुतलेलं धोतर आणि नवी टोपी घेऊन मागं गेली. बापूंनी हात धुतले, कपडे बदलले आणि कनातीपाशी उभे राहिले, नाव आलं की लगेच पुढं जायला सोपं पडावं म्हणून. मुलीचा थोरला चुलता. पहिल्या पाचांत नाव यायला पाहिजे. पहिल्या पाचांत आलं नाही, तेव्हा त्यांना वाटलं मानानं शेवटी घेणार असतील. शेवटीही आलं नाही. अण्णा म्हणाले, "आता मामांनी मुलीला घेऊन यावं," आणि बापूंनी टोपी काढून कनातीच्या बांबूला अडकवली, पुन्हा जुना सदरा चढवला आणि भाताकडं गेले. हे मोठ्या मायनं मला नंतर सांगितलं. सगळं वऱ्हाड जेवेपर्यंत ते तिथून हलले नाहीत. मी निघताना माझ्या डोक्यावरून हात फिरवला, हातात नारळ दिला. आणि दुसऱ्या दिवसापासून अण्णांशी बोलणं बंद.

अण्णांना कळलं तेव्हा त्यांनी एकदा 'अरे' म्हटलं असतं तरी भागलं असतं. आईनं हात जोडून सांगितलं, "जाऊन या हो, नुसतं जाऊन बसा." अण्णा म्हणाले, "घरच्या माणसाचं नाव घेत्येत का कुठं? नावं पाहुण्यांची असत्येत. बापू काय पाहुणे हायेत?" ऐकायला हे खरं वाटतं. अण्णांचं प्रत्येक चुकीचं बोलणं ऐकायला खरंच वाटायचं. पण त्यांनी त्याच मंडपात आईच्या तिन्ही भावांची नावं घेतली होती, ते कोणाला विसरता येत नव्हतं. मला फार राग आला होता त्यांचा. माझ्या लग्नावरून दोन भाऊ तुटले हे डोक्यातून जाईना. फोन केला की मी आधी विचारायची, "बोलले का?" आई म्हणायची, "कुठलं बोलत्येत!"

दोन वर्षं हे चाललं. पण बांधाला बांध, एकाच डीपीवरची लाईट, एकच वाट. न बोलून शेती होते कशी? मग त्यांनी एक पद्धत काढली. मी सुट्टीला गेले तेव्हा स्वतः पाहिली. अण्णा बांधाच्या अलीकडं उभे राहून आपल्या बैलाला सांगत होते, "हरण्या, आज लाईट बारा वाजता येनार हाय बरं का. आन् त्या वायरमनला मी सांगून आल्तो, फ्यूज बसवून गेला." हरण्या कडबा खात होता. पलीकडून बापू आपल्या म्हशीला म्हणाले, "चांदे, बारा वाजता." एवढंच. बारा वाजता बापूंनी मोटार लावली आणि आपलं झाल्यावर पाणी आमच्या झाडांनाही सोडलं. अण्णा बैलाला म्हणाले, "जल्दी झालं आज." बापूंनी म्हशीला काही सांगितलं नाही. मला हसूही येत होतं आणि रडूही. मी आईला म्हटलं, हे दोघं ठार वेडे आहेत. आई म्हणाली, "तुला आज कळलं व्हय?"

मग बापूंच्या शारदाचं लग्न निघालं. गावाला एकच प्रश्न पडला होता, माईक कोणाकडं? बापूंनी परतूरहून माईकवाला ठरवला, डीजेसोबत आलेला, काळा चष्मा लावणारा तरणा मुलगा. पत्रिका बापूंनी स्वतः आणून दिली नाही, पुतण्याच्या, म्हणजे माझ्या भावाच्या, हाती पाठवली. मला सासरी जालन्यात काळजी, की अण्णा जातात की नाही. ते गेले नाहीत तर पुढचा सगळा जन्म हे असंच राहणार, आणि दोघांचीही वयं काही थोडी नव्हती. मी नवऱ्याला घेऊन आदल्या दिवशीच गावी पोचले. सकाळी उठून बघते तर अण्णा घरात नाहीत. इस्त्रीचा शर्ट खुंटीलाच होता. शोधत गेले तर मंडपाच्या मागं, कनातीच्या आत, जुन्या सदऱ्यात, वरणाच्या पातेल्याजवळ उभे. कोणी बोलावलं नव्हतं, कोणी हाकललंही नव्हतं. आचाऱ्याला म्हणत होते, "मीठ बघितलं का? बघ आधी. भट्टीचा जाळ कमी कर."

नावं सुरू झाली तशी मी त्यांच्याजवळच थांबले. त्यांना मंडपात नेण्याचा माझा विचार होता, पण ते हलेनात. आधी नुसती टीका चालली होती. "याला श्रीयुतसुद्धा म्हनता येत न्हाई. आष्टीच्या पाटलांआधी परतूरचे घेतले, आता बस बोंबलत. आरे, बापाचं नाव घे की, बाप न्हाई का त्याला?" मी हसत होते. मग चुलत्यांची नावं सुरू झाली. आष्टीचे चुलतचुलते आले, भावकीतले आले. अण्णांच्या हातातली पळी थांबली. मान जरा वळवून कर्ण्याकडं कान दिला. एक नाव, दुसरं नाव, तिसरं. प्रत्येक नावाला त्यांची मान किंचित वर व्हायची. मला त्यांची कीव आली, आणि खोटं कशाला बोलू, आत कुठंतरी 'बरं झालं' असंही वाटलं. मग तो मुलगा म्हणाला, "अनवधानाने कोणाचं नाव राहिलं असल्यास क्षमस्व. मामांनी मुलीला घेऊन यावं."

अण्णा माझ्याकडं वळले. जन्मात पहिल्यांदा त्यांनी हळू बोलायचा प्रयत्न केला. जमला नाही, पण आवाज घोगरा झाला. "वर्षे, बापू बी असेच उभे राह्यले असतील का गं? इथंच?"

मी म्हटलं, "इथंच. नवी टोपी घालून."

त्यांनी पळी खाली ठेवली. पुढं काय करावं हे त्यांना सुचत नव्हतं हे मला दिसत होतं. तेवढ्यात कनात बाजूला झाली आणि बापू आत आले. फेटा बांधलेले, घामाघूम. अण्णांकडं न बघता आचाऱ्याला म्हणाले, "भात झाला का रे?" आचारी उत्तर देणार तोच अण्णा दोन पावलं पुढं झाले, पाय जुळवले, सदऱ्याची बटणं सारखी केली. आणि त्यांच्या त्या एकुलत्या एक आवाजात, जो मंडपातल्या शेवटच्या रांगेपर्यंत गेला, म्हणाले, "श्रीयुत रंगनाथराव, अनवधानाने आपलं नाव राहिलं होतं. क्षमस्व."

मंडपात सगळ्यांनी ऐकलं. भटजींनीसुद्धा इकडं पाहिलं असणार. 'क्षमस्व' हा शब्द आमच्या घरात त्याआधी कोणी उच्चारला नव्हता. माफी मागायला अण्णांजवळ घरातला एकही शब्द नव्हता, म्हणून माईकवरचा आणला. आणि त्यांची ती काळी मिशी, जी त्या दिवशी रंगवलेली नव्हती, अर्धी पांढरी दिसत होती.

बापूंनी आता कुठं त्यांच्याकडं पाहिलं. मग म्हणाले, "दोन साल लागले व्हय रे दत्त्या, एवढं बोलायला?"

"सवय न्हाई ना बापू."

"चल. पोरगी उभी हाय तिकडं." आणि वरणानं माखलेला तो हात मनगटाला धरून बापू त्यांना मंडपात घेऊन गेले. जुन्या सदऱ्यात अण्णा सगळ्यांत पुढं उभे होते, आणि ते रडत होते तेही मोठ्यानंच.

दुसऱ्या दिवशी मोठ्या मायनं सांगितलं, की बापूंनी नाव मुद्दाम गाळलं होतं. माईकवाल्यानं यादी वाचून दाखवली, विचारलं आणखी कोणी? बापू म्हणाले बस. "मला म्हनले, एकदा कळू दे त्येला. आन् मंग नावं सरली, तशी ह्येन्लाच खुर्चीवर बसवंना. भाताचं निमित्त करून उठले." मी बापूंना कधी याबद्दल विचारलं नाही. विचारलं असतं तरी त्यांनी म्हशीलाच उत्तर दिलं असतं.

अण्णा त्यानंतर तीन वर्षं होते. सुधारले वगैरे म्हणणार नाही. लगीनसराई आली की फावडं टाकून जातच होते आणि मोसंबीला पाणी बापूच देत होते. कागद तर त्यांनी शेवटपर्यंत हातात घेतला नाही. पण ते शेवटचं वाक्य म्हणायला लागले, आणि म्हणायला लागले म्हणजे असे, की लोकांना वाटायचं आता काहीतरी मोठा आशीर्वाद मिळतोय. घरी मात्र आणखी एक गोष्ट झाली. एकदा आईच्या भाकरी करपल्या होत्या ते त्यांनी बोलून दाखवलं, आई चिडली, आणि ते ताटावरून म्हणाले, "क्षमस्व." आईला एवढं हसू आलं की तवा उतरवून ठेवावा लागला. मला तिनं हे फोनवर सांगितलं तेव्हाही ती हसत होती.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर, दुपारी, मोसंबीच्या सावलीत पाणी पिऊन बसले आणि तिथंच गेले. त्रास झाला नाही. बापू दहा पावलांवर होते. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच्या पंधरा दिवस आधी, भाऊबीज करून मी जालन्याला परत निघाले तेव्हा.

बापूंच्या मोटारसायकलवर मागं बसून अण्णा मला आष्टीच्या स्टँडवर सोडायला आले होते. मी आधीच भावाबरोबर पोचले होते. एसटी लागली. मी खिडकीजवळची जागा धरली. अण्णा मला सांगायला आले, की पोचल्यावर फोन कर, आणि तेवढ्यात त्यांचं लक्ष कंडक्टरकडं गेलं. "अरे, तू वाटूरच्या ज्ञानोबांचा नातू ना?" बापू मागून म्हणाले, "ज्ञानोबांचा न्हाई. त्येंच्या भावाचा." अण्णा वळले. "तुमाला काय माहीत बापू? भावाला पोरगाच न्हाई." "हाय. पुण्याला गेल्ता तो." "तो जावई!" कंडक्टर सांगत होता की आजोबा, मी वाटूरचा नाहीच, पण त्याचं ऐकायला कोण मोकळं होतं? बापू एवढं बोलताना मी आयुष्यात पाहिले नव्हते. बोटांवर मोजून पिढ्या सांगत होते.

घंटी झाली, गाडी हलली. मी खिडकीतून हात बाहेर काढून हलवायला लागले. अण्णा भांडत भांडत रस्त्यात आले होते. मागून एक टेम्पो येत होता. बापूंनी त्यांना खांद्याला धरून मागं ओढलं आणि 'जावई न्हाई, पोरगाच' हे सांगणं न थांबवता हात तसाच त्यांच्या खांद्यावर ठेवला. अण्णांनीही तो झटकला नाही, ते उत्तर द्यायच्या गडबडीत होते. मी गाडी वळेपर्यंत हात हलवत राहिले. दोघांपैकी एकानंही माझ्याकडं पाहिलं नाही, आणि मला त्याचं जरासुद्धा वाईट वाटलं नाही.